बुधवारी सांगितलं होतं

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. आता बोलायला माणूसही उरलं नाही म्हणा — खोलीत मी, एक स्टोव्ह आणि बुद्धिबळाचा पट. पण माणसं होती तेव्हाही बोललो नाही, म्हणून एकटेपणाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. मध्येच अडखळलो तर थोडं थांबा. मी शाळामास्तर आहे. दुसऱ्याच्या चुकीवर लाल शाई ओढायला हात झपाझप चालतो, स्वतःच्या चुकीपाशी आला की अडतो.

मी मूळचा मोर्शीचा. अमरावतीला कॉलेज केलं, नोकरी अकोल्यात लागली, जुन्या शहरात खोली घेतली. शेजारी गुलाबराव राहायचे. कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, तेलाचं इंजिन चालवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी कमल तेल्हाऱ्याला दिलेली. संध्याकाळी अंगावर कापसाचं तूस घेऊन यायचे, हातपाय धुवायचे आणि ओट्यावर पट मांडायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "मास्तर, खेळता काय?" मी हो म्हणालो आणि हरलो. पुढची तीन वर्षं रोज हरलो. तरी जायचो, कारण त्या ओट्याशिवाय त्या गावात मला जायला जागा नव्हती. त्यांच्याकडेही माझ्याशिवाय कोणी येत नसे.

आमचा खेळ देशी. त्यात प्यादं पहिल्यापासून एकेकच घर चालतं, राजाला एकदा घोड्याची उडी मिळते, आणि प्याद्यानं केलेली मात सगळ्यांत मानाची. गुलाबराव मला बहुधा प्याद्यानंच मारायचे. मग बिडी पेटवून म्हणायचे, "वजीर ठेवला तुमचा. घरी घेऊन जा." मी हसायचो. हसताना आत काय होत होतं? तेव्हा मी ते बघितलं नाही. बघायला हवं होतं.

एवढा हुशार माणूस, पण एका गोष्टीला घाबरायचा. त्यांचे वडील म्हातारपणी सगळं विसरले होते — एकदा घराची वाट विसरून मोर्णा नदीच्या काठी दिवसभर बसले होते. "आपल्याले तसं झालं तं?" असं गुलाबराव कधी कधी मध्येच म्हणायचे आणि घोडा उचलायचे. हे मला माहीत होतं. पुढचं ऐकताना एवढं लक्षात ठेवा, की मला हे माहीत होतं.

दुकानांतून शेर जाऊन किलो येत होता, त्याच दिवसांत खेळही बदलला. गावातल्या एका क्लबानं सामने ठरवले, नव्या, साहेबी नियमांचे. जिंकेल तो नागपूरला जाणार. गुलाबराव माझ्याकडे आले. "पट तोच, मोहरे तेच, अन् खेळ नवा? मंग शिकवा मले. एकदा नागपुरात बसून खेळाचं हाये." तीन वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. कॉलेजात मी तो खेळ शिकलो होतो, नियम वहीत उतरवलेले होते. रविवारी आम्ही बसलो.

त्यांचा हात जुना. प्यादं दोन घरं ढकलायला निघाला की पहिल्याच घरावर थबकायचा. राजाला उडी नाही हे ठाऊक असून बोटं तिकडे वळायची. मग स्वतःच्याच मनगटावर चापट. सोमवारी किल्लेकोट, म्हणजे राजा-हत्तीची एकत्र चाल, शिकवला. मंगळवारी पुरा डाव मांडला आणि मी जिंकलो — तीन वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी मी स्वतःसाठी पावशेर जिलबी आणली. खोटं कशाला सांगू?

आणि बुधवारी ते मला हरवून मोकळे झाले. नव्या खेळात, माझ्या वहीतल्या खेळात. वर साधेपणानं म्हणाले, "जमते वाटते."

वहीत एकच नियम उरला होता. नव्या खेळात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. पण तसं जाताना ते शत्रूच्या प्याद्याशेजारी येऊन थांबलं, तर ते शेजारचं प्यादं त्याला जाता जाता मारू शकतं, एकच घर चाललं आहे असं धरून. पुढच्याच चालीला, नंतर नाही. देशी खेळणाऱ्याला हे स्वप्नातही सुचणार नाही. त्याच्या खेळात प्यादं एकच घर जातं, हा प्रसंगच येत नाही. मी वही मांडीवर घेतली, ते पान बघितलं — आणि वही मिटली. म्हणालो, झालं, एवढंच.

आपल्याला वाटतं, असं काही करताना माणूस थरथरत असेल. छे. मला भूक लागली होती, पिठलं करायचं होतं, हे मला स्वच्छ आठवतं.

सामने एका शाळेच्या हॉलमध्ये झाले. नाव मीही दिलं होतं. गुलाबराव धुतलेला सदरा घालून आले आणि एकेकाला उठवत गेले. शेवटचा डाव आमच्या दोघांचा. तोही ते जिंकत होते. मग त्यांनी एक प्यादं दोन घरं पुढे घेतलं, माझ्या प्याद्याला लागून. मी ते जाता जाता मारलं. त्यांनी माझा हात हळूच धरला. "मास्तर, चुकून राहिले तुमी." पंचांनी छापील पुस्तक काढून नियम वाचला. मागे कोणीतरी हसलं. गुलाबरावांनी नियम पुन्हा एकदा वाचायला सांगितला आणि मग माझ्याकडे बघितलं. मी पटाकडे बघत होतो.

ते पंचांना म्हणाले, "सांगतलं असन मास्तरनं. मीच इसरलो."

त्या वाक्यात टोमणा होता का, हे मी कितीदा तरी तपासलं. नव्हता. त्या माणसाला टोमणा मारता येत नव्हता.

ते हरले. नागपूरला मी गेलो, पहिल्याच फेरीत पडलो आणि परत आलो. इतकंच असतं, तर एक हलकट मास्तर म्हणून तुम्ही मला सोडून दिलं असतं. मीही दिलं असतं. पण मी परतलो त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते, पट न मांडता. त्यांनी विचारलं, "मास्तर, तो नियम मले कोन्या दिवशी सांगतला होता?" फार हळू विचारलं. रागानं विचारलं असतं तर बहुतेक मी कबूल केलं असतं — की तेव्हाही नाही?

मी म्हणालो, "बुधवारी सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावली होती."

ही मान डोलावण्याची गोष्ट मी कशाला जोडली? कोणी मागितली नव्हती. खोटं नीटनेटकं दिसावं म्हणून जोडली. ते बराच वेळ बुधवार आठवत बसले, मला दिसत होतं. मग म्हणाले, "मले तं कायच आठवत नाई. बापावर गेलो म्हना." आणि घरात गेले.

कापसाचा हंगाम तोंडावर होता. त्यांनी मालकाकडे इंजिनघराची किल्ली परत दिली. मालकानं समजावलं, जिनातल्या बायांनी समजावलं. त्यांचं एकच — आत पंचवीस बाया हात घालून काम करतात, इंजिनावर विसरणारा माणूस नको. कमल येऊन त्यांना तेल्हाऱ्याला घेऊन गेली. जाताना पट त्यांनी माझ्याकडे दिला, तुमी खेळा म्हणाले. कोणाशी, ते त्यांना सुचलं नाही. ओटा तेव्हापासून रिकामा आहे.

वर्षभरानं मी तेल्हाऱ्याला गेलो, सांगायचंच असं ठरवून. ते अंगणात बसले होते. धोतराच्या सोग्याला गाठी मारलेल्या — एक गाठ दळणाची, एक नातवाला शाळेतून आणायची. मला बघून उठले, नावानिशी, गावानिशी ओळखलं, मोर्शीच्या आईची चौकशी केली. निघताना कमल दारापर्यंत आली. "मास्तर, बाबा काईच इसरत नाई. पन त्याइच्या मनानं घेतलं हाये. तुमचं आयकतीन ते. तुमी सांगा ना."

अंगणात ते बसलेले दिसत होते. दहा पावलं. एक वाक्य.

मी म्हणालो, "वय झालं की व्हायचंच." आणि चारची मोटार पकडली.

गुलाबराव जाऊन आता दोन वर्षं झाली. कमलचं पत्र आलं होतं. शेवटपर्यंत रोज सकाळी उठल्यावर ते घरातल्या सगळ्यांची नावं मोठ्यानं म्हणायचे, डोकं जाग्यावर आहे का बघायला. एकदाही एकही नाव चुकलं नाही, असं तिनं लिहिलं आहे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायचे.

संध्याकाळी मी पट मांडतो. दोन्हीकडून मीच, देशी. प्यादं एकेक घर चालवतो.

तो नियम मी त्यांना सांगितला नव्हता. बुधवारी नाही, आणि कोणत्याच वारी नाही.