एवढं एक पाणी

शांताकाकू एसटीडी बूथपर्यंत चालत गेल्या, म्हणून मला कळलं. इचलकरंजीत मी ज्यांच्या यंत्रमागावर कामाला आहे, त्या मालकांच्या फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "तुझे भाऊसाहेब गेले रं... जेवून घे आधी." सातवीत शाळा सुटलेल्या मला त्यांनीच घरात जेवू घातलं, शेतातलं काम संपल्यावर इथं आपल्या भावाच्या मागावर लावून दिलं. भाऊसाहेब त्यांचे यजमान. दुष्काळी कर्जत भागात एवढी मोठी बागायती कपाशी दुसऱ्या कुणाची नव्हती; मी त्यांच्याकडं दारं धरायचो, सरीसरीत पाणी वळवायचो.

त्या साली पावसानं पाठ फिरवली तेव्हा कपाशी बोंडांवर होती. विहिरीचा तळ दिसू लागला तसे भाऊसाहेबांनी आत आडवे बोअर मारून घेतले. पाणी असं लागलं की आम्ही नारळ फोडला. थोड्याच दिवसांत खालच्या वस्तीची पिण्याची विहीर आटली. वस्तीवरच्या गयाबाई रिकामी कळशी घेऊन बांधावर आल्या.

"भाऊसाहेब, तुमची बोंडं पित्यात अन् आमची पोरं बघत्यात."

"गयाक्का, कपाशीला एवढं एक पाणी देऊ द्या. मग मोटर बंद. तवर कळश्या इथंच भरा तुमी."

"मागल्या खेपेलाबी एवढं एकच हुतं."

भाऊसाहेबांना हसू आलं... माणूस वाईट नव्हता. त्यांनी ते पाणी दिलं, त्यानंतर आणखी एक. मग मोटर नुसतीच घरघरली. दोन्ही विहिरी गेल्या. बोंडं उमलली ती खुरटी, वेचायलाही कुणी आलं नाही.

पुढं पाऊस झाला, पण झरे काही परतले नाहीत. भाऊसाहेब वस्तीची वाट टाळून लांबून बाजाराला जात. गयाबाई मुलाकडं राहायला गेल्या. "एकदा भेटून येतो," असं ते म्हणत राहिले, आणि राहूनच गेलं.

दहाव्याला मी गेलो. अंघोळीपासून पिंडापर्यंत सगळं पाणी टँकरचं. वस्तीवरची माणसं आली, चहा घेतला; पाणी मात्र कुणी मागितलं नाही. सगळे पांगल्यावर काकू म्हणाल्या, "लाईट आली की मी अजून उठून बसते रं. त्यांची मोटर चालू करायची वेळ झाली, असं वाटतं."

इथं माझ्या खोलीला एका दिवसाआड नळ येतो. मोठी खोली परवडली की काकूंना इथं आणायचंय, नळाखाली त्यांची बादली भरू द्यायचीय. त्या तोवर असतील का, याची भीती वाटते. पण त्यांनी जेवू घातलेलं मी कधीतरी फेडीन.