सुनंदाच्या डोक्याला मार लागला तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. निवृत्तीच्या कार्यक्रमात मुली माझ्या मायेबद्दल बोलत होत्या, तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला.

औरंगाबादच्या एका शाळेत मी गणित शिकवायचे. दहावीच्या वर्गात सुनंदा होती, फुलंब्रीहून एसटीनं यायची. खो-खो खेळताना ती खांबावर आदळली, मेंदूला हादरा बसला. काही आठवड्यांनी ती परत आली, तेव्हा वडील तिला घेऊन मला भेटले. "म्याडम, डॉक्टर म्हनले, एकदम ताण नको. फळ्याकडं लई वेळ बघाया लावू नका. डोकं दुखलं तर पडू द्या जरा." मी मान हलवली.

ऐकलं होतं ना मी? ऐकलं होतं. पण पोर वरून धडधाकट दिसायची — ना पट्टी, ना जखम. परीक्षा तोंडावर आलेली. बाकीच्या मुली कुजबुजायच्या, हिची बरी चंगळ आहे. हळूहळू मलाही वाटायला लागलं, सोंग करते.

एका दुपारी तिनं बाकावर डोकं टेकलं. मी तिला फळ्याशी उभं केलं, म्हटलं, गणित सुटल्याशिवाय जागेवर जायचं नाही. "मॅडम, आकडे हलतायत," ती म्हणाली. वर्ग हसला. मी — मीही हसले. मग ती तिथंच ओकली आणि कोसळली.

ती वर्गात कोसळली, एवढं शाळेत सगळ्यांना माहीत आहे. मला सांगायचंय ते यापुढचं.

ती जरा सावरल्यावर हेडमास्तरांनी तिला आणि वडिलांना बोलावून घेतलं. मी म्हणाले, मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. वडील गडबडले. "सांगितलं हुतं की, म्याडम..." हेडमास्तर त्यांच्यावरच डाफरले. तेव्हा सुनंदा म्हणाली, "सर, मी होते तिथं. बाबांनी सांगितलं होतं."

आणि मी काय केलं? अगदी हळुवार आवाजात म्हणाले, "सर, डोक्याला मार लागलाय तिच्या. लक्षात राहत नसेल."

किती सहज सुचलं मला ते! वडील उठले. पोरीला घेऊन निघून गेले.

त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही. मी फळं घेऊन तिच्या घरी गेले. आई चहा ठेवायला आत गेल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, बाबांनी खरंच सांगितलं नव्हतं? मला तर तुम्ही मान हलवलेली अजून दिसते."

खोलीत आम्ही दोघीच होतो. तेव्हा तरी — एक शब्द पुरला असता. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. "नाही गं बाळा. होतं असं कधीकधी." ती रागावली नाही. घाबरली. स्वतःच्याच डोक्याला घाबरली.

पुढच्या वर्षी ती पास झाली. बऱ्याच वर्षांनी पैठणच्या स्टँडवर भेटली, नवऱ्याबरोबर. वाकून नमस्कार केला. नवरा हसत म्हणाला, "हिला स्वतःचा काही भरवसाच नाही, मॅडम. दाराला कुलूप हीच लावणार अन् लावलं का म्हणून मलाच विचारणार."

"दहावीत डोक्यावर पडले ना," सुनंदाही हसली, "तेव्हापासून माझ्या आठवणीचं काही खरं नाही. मॅडमना माहितीय."

मी त्यांच्याबरोबर हसले. गाडी लागली, तिनं माझी पिशवी वर चढवून दिली.

तिला सगळं बरोबर आठवत होतं.