हंड्याच्या पट्ट्या

२०१६ साल. माझं वय अठ्ठावन्न. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मालकाच्या पोरानं माझ्या गळ्यात लोखंडी दांडा अडकवायला लावला.

हातभर दांडा. त्यावर लेथ मशीनच्या जबड्याचे तीन वण. तारेनं बांधला रघुनाथनं. वीस वर्षं आम्ही समोरासमोर बसून डबा खाल्ला. त्यानं वर बघितलं नाही.

"गेटपाशी उभा राहा. दिसू दे सगळ्यांना. डोंगरात लाकडं फोडायची, ते इथं येऊन दांडे फोडतोय."

हे बोलणारं मालकाचं पोरगं माझ्या धाकट्या मुलाहून लहान. मला अरेतुरे.

मी डोंगरातला, पेठकडचा. शाळा दुसरीपर्यंत. पण अंबड एमआयडीसीतल्या त्या वर्कशॉपात लेथ चालवता चालवता केस पांढरे झाले. आमच्याकडे दांडे यायचे ते आरशासारखे. मिशी दिसायची त्यात. फक्त टोकाला आटे पाडायचे राहिलेले. असला दांडा जबड्यात नुसता आवळला की दात उमटतात. ढिला धरला की फिरताना निसटतो. म्हणून मध्ये तांब्याची पट्टी घालायची. तांबं मऊ. सगळा दाब ते स्वतःवर घेतं, दांडा कोरा राहतो. घरी तांब्याचा गळका हंडा होता, बायकोच्या माहेरचा. तिनं दिला, पण कापताना समोर थांबली नाही. त्याच्या मी पट्ट्या केल्या होत्या.

पोरानं त्या पट्ट्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. "पट्टी लावत बसतोस, वेळ जातो. नुसतं धर."

मी म्हटलं, वण पडतील.

"तुला विचारलं का?"

धरलं. वण पडले. सगळा माल परत आला, खापर माझ्यावर फुटलं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभा होतो. एक जण हसला. बाकीचे खाली बघून गेले. ते जास्त लागलं.

संध्याकाळी मोठे शेठ आले, पोराचे वडील. "जाऊ द्या दादा, पोरगं आहे. उद्या मशीनपूजेचा नारळ नेहमीसारखा तुम्हीच फोडा." सगळ्यात जुन्या माणसानं नारळ फोडायचा, ही तिथली रीत.

"फोडतो. आधी त्यानं सगळ्यांसमोर म्हणावं, ‘पट्ट्या मी काढल्या.’"

"तो मालक आहे, दादा."

"मग नारळ पण मालकालाच फोडू द्या."

"मग उद्यापासून येऊ नका."

रघुनाथ तिथंच होता. फडक्याला हात पुसत होता. पुसतच राहिला.

या वयात कोण ठेवणार? कोणी नाही. तेव्हाही कळत होतं. माझ्या बाजूनं एक माणूस बोलला नाही, पुढंही बोलणार नव्हता. पण गळ्यात दांडा घेऊन उभा राहिलो, ते शेवटचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंड्याचं उरलेलं बूड काढलं. बायको म्हणाली, "आता कशाला? मशीन कुठाय?"

मी पट्ट्या कापल्या. कडा घासल्या. खिशात घातल्या. अंबडला गेटागेटावर झेंडूची तोरणं बांधत होते. दसऱ्याला कोणी कामाला ठेवत नाही. मी पहिल्या गेटपासून काम विचारत निघालो.