घडीताईच्या चाळीस पायऱ्या

“अहो, तळहातासारखी सपाट वाट आहे ती. दुडूदुडू चालणारी पोरंसुद्धा जातात. मग तिला चाळीस पायऱ्या कशाला सांगितल्यात?”

“मग रविवारी इस्त्री कोण धरणार? तू?”

“निदान दुसरं काहीतरी सांगायचं. पायऱ्या कसल्या?”

“लंगड्या माणसाला पायऱ्या सांगितल्या की पुढचं बोलावं लागत नाही.”

आमच्या इमारतीखालच्या लाँड्रीत, पडद्यामागे, हे नवराबायकोचं भांडण चाललं होतं. मी अभ्रे आणि चादरींचं गाठोडं घेऊन पडद्याच्या अलीकडे उभी. चोरून ऐकायला गेले नव्हते, पण कान काही घरी ठेवून गेले नव्हते. शेवटी खोकले. लाँड्रीवाला पडदा सारून बाहेर आला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, “काकू, तुमचे कपडे उद्याच देतो.”

लोकांचे कपडे चार दिवसांनी मिळायचे. माझे त्या दिवसापासून दुसऱ्या दिवशी मिळायला लागले. मी तोंडात मिठाची गुळणी धरली, ती तीस वर्षं. सहा अभ्रे वेळेवर मिळावेत म्हणून माणूस काय काय गिळतो, ते मला विचारा.

ज्या बाईवरून ते भांडण झालं, ती लाँड्रीवाल्याची धाकटी बहीण. तेव्हा पंचविशीची होती. डावा पाय जन्मापासून चार बोटं आखूड. तिची घडी अशी बसायची की सदरा पाटीसारखा उभा राहील. म्हणून सगळी गल्ली तिला घडीताई म्हणायची. सकाळी सातपासून टेबलाशी उभी. डाव्या पायाखाली एक लाकडी ठोकळा, उजव्या हातात इस्त्री, डाव्या हातात पाण्याचा वाडगा. कपड्यावर पाणी शिंपडायची ते बोटांच्या टोकांनी, फुलवाल्यासारखं.

आमच्या गावामागून नदी जाते. काठाकाठानं चालत गेलं की पाऊण तासावर झरा आहे. पाणी एवढं नितळ की तळाचा खडा न् खडा दिसतो. रविवारी अर्धं गाव तिकडे. लाँड्रीवाला, त्याची बायको, त्यांची मुलं, सगळी जायची. घडीताई दुकान सांभाळायची, कारण आठवड्याचे कपडे न्यायला गिऱ्हाइकं रविवारीच येतात. वहिनी येताना तिच्यासाठी बाटलीभर पाणी आणायची. मन खात असणार बिचारीला, पण बाटलीपलीकडे ते कधी गेलं नाही. घडीताई त्यातलं घोटभर प्यायची आणि उरलेलं वाडग्यात ओतायची.

“काकू, तुमच्या अभ्र्यांवर झऱ्याचं पाणी शिंपडलंय. झोप बघा कशी लागते.”

झोप कशी लागायची ते माझं मला माहीत.

झऱ्यावर जायचं हे एकच तिच्या डोक्यात होतं. दुसरी कसली हौस तिनं केलेली मी पाहिली नाही. टेबलामागच्या भिंतीला कपडे बांधायचा एक मोठा खाकी कागद तिनं टाचला होता आणि त्यावर कपड्यांवर नंबर घालायच्या पेननं वाट काढली होती. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायची, झऱ्यावर गेला होतात का? मग एकेक गोष्ट काढून घ्यायची. लोखंडी पुलापाशी वळायचं. पुढे पंपघर. मग तीन बाकं, पैकी मधल्याची फळी मोडकी. मग नदी वळते तिथे मोठं झाड, त्याखाली बसायला जागा. कोणत्या बाकावर किती बसायचं, पाणी कुठे प्यायचं, परत निघायचं कधी, सगळं लिहिलेलं. आणि शेवटी, झऱ्याच्या तोंडाशी, तिनं पायऱ्या काढल्या होत्या. मोजून चाळीस.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लोकांना विचारलं, तर कुणी सांगितलं नाही का पायऱ्या नाहीत म्हणून? सांगितलं की! सगळ्यांनी सांगितलं.

“पायऱ्यांना कठडा आहे का हो?” ती पोस्टमनला विचारायची.

“कसल्या पायऱ्या? सरळ वाट आहे. ये की तू पण!”

तो गेला की ती माझ्याकडे बघून हसायची. “बघितलंत काकू? मला वाईट वाटू नये म्हणून.”

त्याचं असं झालं होतं, की लहानपणापासून लोक तिच्याशी गोडच बोलत आले. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तुझं लंगडणं दिसतसुद्धा नाही गं. ही शाळेतून येताना दुकानांच्या काचांत बघत बघत आली. चांगलं ढळढळीत दिसत होतं. त्या दिवसापासून तिनं कानाला खडा लावला. जो गोड बोलेल तो कीव करतो, जो टोचून बोलेल तो खरं बोलतो. आणि टोचून बोलणारा घरात एकच होता.

“दादा मला तोंडावर लंगडी म्हणतो,” ती अभिमानानं सांगायची. “तो कशाला खोटं बोलेल?”

पुढे तिनं एकदा दादाला विचारलं, चाळीस म्हणजे केवढ्या? त्यानं मान वर न करता सांगितलं, “काकूंच्या जिन्याएवढ्या.”

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. झालं. दुसऱ्या दिवसापासून माझे कपडे घरपोच. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, गाठोडं खांद्याला लावून ती जिना चढायची. मोठ्यानं मोजत. मी दार उघडं ठेवायची आणि दाराशी स्टूल. खालून आवाज यायचा, एक. दोन. बाराव्या पायरीला थांबायची, सव्विसाव्याला थांबायची. चाळीस झालं की स्टुलावर बसून घाम पुसत म्हणायची, “आज दोनदाच थांबले काकू. एकदाही न थांबता चढले, की निघाले बघा झऱ्यावर.”

आणि मी काय करायची? मी अभ्रे मोजून घ्यायची. खाली जायचे माझे हेलपाटे वाचले होते.

अगदीच काही बोलले नाही असं नाही. एकदा म्हणाले, “अगं, पायऱ्या नसतीलही तिथे.”

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. “तुम्ही पण काकू? तुम्ही तरी आजवर माझ्याशी कधी गोड बोलला नव्हतात.”

पुन्हा मी तो विषय काढला नाही. सोपंच पडलं ते मला.

वर्षं गेली. बाराव्याचं थांबणं सुटलं, मग सव्विसाव्याचंही सुटलं. पंचावन्नाव्या वर्षी एका शनिवारी ती न थांबता चाळीस चढली. स्टुलावर न बसता दारात उभी राहिली आणि म्हणाली, “पुढच्या रविवारी. दादाला सांगितलंय. एक रविवार वहिनी बघेल दुकान.” नवा निळा ड्रेस शिवून आणला होता. घडी मोडायची ती झऱ्यावरच, म्हणाली.

बुधवारी तिचा उजवा गुडघा सुजला. डावा नव्हे, उजवा, धडधाकट. इतकी वर्षं दुसऱ्या पायाचाही भार त्यानंच उचलला होता. डॉक्टरनं पाय हातात घेतला आणि विचारलं, जिने फार चढता का? मग सांगितलं, “यापुढे जिना बंद. सपाटीवर हवं तेवढं चाला.”

हे तिनं मला लाँड्रीत सांगितलं. ठोकळ्यावर डावा पाय, उजवा स्टुलावर, इस्त्री चालूच. “म्हणजे झरा संपला काकू. एवढंसं काम राहिलं होतं.”

तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. दुकानात कुणी नव्हतं. मी म्हटलं, “पायऱ्या नाहीत गं. एकही नाही. गोड बोलत नाही मी. पडद्यामागे तुझा भाऊ वहिनीला म्हणाला, लंगड्या माणसाला पायऱ्या सांगितल्या की पुढचं बोलावं लागत नाही. या कानांनी ऐकलंय.”

ते वाक्य टोचणारं होतं, म्हणून तिला पटलं असावं. इस्त्री उभी केली तिनं.

“कधी ऐकलंत?”

“तू पंचविशीची होतीस.”

तिनं पाण्याचा वाडगा टेबलाच्या कडेला सारला. तेवढ्यात भाऊ आत आला. त्याच्याकडे पाठ करूनच तिनं विचारलं, “दादा, झऱ्याला पायऱ्या किती रे?”

“चाळीस. किती वेळा विचारशील?”

“बरं,” ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघितलं. वाटलं होतं शिव्या देईल, रडेल. तिनं इस्त्री उचलली.

बाहेर येताना मी हळूच म्हटलं, “अगं, आता तर जाता येईल. सपाटीवर चालायला डॉक्टरांनीच सांगितलंय. मी येते तुझ्याबरोबर, रविवारी.”

“रविवारी दुकान असतं काकू.”

तो रविवार आला. घरची सगळी झऱ्यावर गेली. परत आली, तर घडीताई दुकानातल्या स्टुलावर भिंतीला डोकं टेकून बसलेली. इस्त्री बंद केलेली, वायर नीट गुंडाळून ठेवलेली. न्यायचे राहिलेले कपडे नंबराप्रमाणे लावलेले. वहिनीच्या हातात पाण्याची बाटली होती, ती कुठे ठेवावी ते तिला सुचेना. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. निळ्या ड्रेसची घडी शेवटी मोडली, ती तिला घालतानाच.

पण तिची शेवटची फेरी आदल्या दिवसाची. शनिवारची.

मी तिला निरोप धाडला होता की येऊ नकोस, मीच खाली येते. तरी दुपारी जिन्यातून आवाज आला, एक. मी दार उघडलं. वरून ओरडले, “अगं, थांब तिथेच!” ती थांबली नाही. दोन. तीन. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठड्याला धरून येत होती. आवाज नेहमीचाच, मोठा, एकही आकडा न गाळता. बाराव्याला थांबली, सव्विसाव्याला थांबली. मला दारातून हलता येईना आणि कान झाकता येईनात. चाळीस म्हणाली आणि समोर उभी राहिली. स्टूल पुढे केलं, बसली नाही.

गाठोडं माझ्या हातात दिलं. खाकी कागदात बांधलेलं होतं. कागदावर लोखंडी पूल होता, पंपघर होतं, तीन बाकं होती.

“दुकानातला कागद संपलाय,” ती म्हणाली. “सहा अभ्रे, दोन चादरी. मोजून घ्या काकू.”

मी मोजून घेतले.

“येते,” म्हणाली, आणि उलटे आकडे मोजत उतरायला लागली.