कुंपणापलीकडची चिंच

शेजारणीकडे वीज आली तेव्हा मला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं ती. डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला आमची दोन घरं, मधे फक्त मेंदीचं कुंपण. तिच्याकडे आधी विहिरीवर रहाट आला, मग शिवणयंत्र, मग वीज. संध्याकाळी तिच्या ओटीवर बटण दाबलं की लख्ख उजेड, आणि मी इकडे कंदिलाची काच पुसत बसलेली. शेवटी यांच्यामागे इतकी भुणभुण लावली, की उन्हाळ्यात आमच्याकडेही वीज आली.

पण वायर आमच्या दारच्या चिंचेतून जात होती. विजेची माणसं आली आणि वरच्या सगळ्या फांद्या उतरवून गेली. नेमक्या त्याच फांद्यांवर दर पावसाळ्यात बगळे आणि पाणकावळे घरटी करायचे. खाडीतून मासे आणून पिल्लांना भरवायचे. मासे न खाणारं घर आमचं, पण श्रावणात अंगणभर मासळी पडलेली असायची. शिटांपायी तुळशीला पाणी घालायलासुद्धा मी छत्री घेऊन जायची. नाकाला पदर लावून शिव्या घालायची. तरी दुसऱ्या कुणी त्या पाखरांना धक्का लावलेला मला खपत नसे. वाऱ्याने खाली पडलेली पिल्लं मी सुपात घालून यांना शिडीवर चढवायची आणि घरट्यात परत ठेवून घ्यायची. गलोल घेऊन कुणी फिरकलं तर त्याची धडगत नसे.

त्या पावसाळ्यात पाखरं आली, आमच्या बोडक्या चिंचेभोवती घिरट्या घालून सरळ कुंपण ओलांडून शेजारणीच्या चिंचेवर जाऊन बसली. मला दिवा मिळाला आणि माझी पाखरं तिला मिळाली. जळफळाट म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. वर ती मला विचारते कशी, फार घाण होते हो, तुम्ही इतकी वर्षं कसं सोसलंत? माझाच दागिना अंगावर घालून कुणी मला तो टोचतो म्हणून सांगावं, तसं वाटलं.

श्रावणात तिच्या लेकीची पहिली मंगळागौर होती. विहीणबाई ठाण्याहून चार बायका घेऊन येणार होत्या. चिंच तिच्या अगदी दारात. पैठण्यांवर वरून काही पडलं तर शोभा होईल, म्हणून आदल्या दिवशी बांबूंनी घरटी पाडून घ्यायला तिने दोन गडी सांगून ठेवले होते. हे तिने मला कुंपणावरूनच सांगितलं, लुगड्याची घडी घालता घालता. वर पिल्लं चोची वासून ओरडत होती. त्यांच्या अंगावर धड पिसंही नव्हती. महिनाभर थांबा, मी म्हटलं. मंगळवार माझ्यासाठी थांबणार आहे का, असं तिने विचारलं.

घरी आले. चहा ठेवला तो उतू गेला. मग तशीच पुन्हा कुंपणापाशी गेले.

"वहिनी, मंगळागौर आमच्याकडे करा," मी म्हटलं. "अंगण स्वच्छ आहे. आता दिवाही आहे."

ती बघतच राहिली. मलाही माझ्या तोंडून हे निघालं यावर विश्वास बसेना. पण तिच्या सोयीचं होतं. तिने गड्यांना नको म्हणून निरोप धाडला.

मंगळवारी चौरंग माझा, समया माझ्या, पुरण माझ्याच पाट्यावर वाटलेलं. मान मात्र सगळा तिचा. ती माझ्या घरात मिरवत होती आणि मी वाढत होते. दुपार उतरल्यावर बायका अंगणात आल्या. कुंपणापलीकडे तिची चिंच पांढरीशुभ्र झाली होती. विहीणबाई हरखून गेल्या. किती पाखरं सांभाळलीत हो तुम्ही, असं त्यांनी तिला म्हटलं.

"मुके जीव ते," शेजारीण म्हणाली. "घाण होते म्हणून का कुणी हाकलतं त्यांना?"

माझ्या हातात विड्यांचं तबक होतं. ते तिच्या डोक्यात घालावंसं वाटलं. गड्यांची हकिगत अगदी ओठांवर आली होती. पण मंगळागौर आज संपणार, उद्या तिला माझ्या अंगणाची गरज उरणार नाही, आणि पिल्लांना उडायला अजून अवकाश होता. आता ती विहिणीसमोर जे बोलली तेवढाच काय तो त्यांना आधार. तो पक्का करायला हवा होता.

"हो ना," मी पुढे होऊन म्हटलं. "यांच्यासारखा जीव लावणारं माणूस मी पाहिलं नाही. उगीच का पाखरं आमचं झाड सोडून यांच्याकडे गेली?"

शेजारीण चक्क लाजली. त्या वर्षीची पिल्लं तिच्याच झाडावरून उडाली.