दोन कॅल्क्युलस

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला कॅल्क्युलसचे दोन पेपर आहेत. पहिल्यात सिद्धता असतात. एखादी गोष्ट खरी का आहे, हे पायरीपायरीने दाखवायचं. तो घेतला तरच पुढच्या वर्षी गणित मुख्य विषय म्हणून मिळतं. दुसरा केमिस्ट्री-बॉटनीवाल्यांसाठी, त्यात सूत्र घ्यायचं आणि वापरायचं. दोन्ही मीच शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत कोणी कुठला पेपर घ्यावा हे सांगायला टेबलावर मीच बसते. रांग मोठी असते. एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत.

एका वर्षी डोंगरातल्या आहुप्याची एक मुलगी वडिलांबरोबर आली. वडिलांना खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत. म्हणाले, "आमाला यातलं काय कळत न्हाई मॅडम. तुमी सांगाल ते."

मी फॉर्मवरचं गाव वाचलं, त्याखाली आश्रमशाळा वाचली आणि म्हणाले, "दुसरा घे. सोपा आहे, पास होशील."

"पहिल्यात काय असतं?" तिने विचारलं.

"सिद्धता. जड जातं मुलांना."

"म्हंजे ते तसं का व्हतं, ते सांगत्यात का त्यात?"

"हो. पण तुला केमिस्ट्रीच करायचंय ना?"

असं ती कुठेच म्हणाली नव्हती. तिने वडिलांकडे पाहिलं, मान हलवली, आणि मी दुसऱ्या पेपरसमोर खूण केली.

मी तिचं भलंच केलं असं मला वाटलं. मीही खेड्यातलीच, पिंपळवंडीची. बारावीनंतर पुण्याला गेले आणि पहिल्याच सहामाहीत कॅल्क्युलसमध्ये नापास झाले. होस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते. हिच्यावर ती वेळ नको, एवढंच मनात होतं. निदान मी स्वतःची तशी समजूत घातली होती.

तिसऱ्या आठवड्यात मी डेरिव्हेटिव्ह शिकवत होते. वरखाली h ने भागलं, आणि शेवटी उरलेल्या h च्या जागी शून्य घालून तो पुसला. ती उभी राहिली.

"मॅडम, h शून्य असंल तर आधी त्यानं भागलं कसं? आन् शून्य नसंल तर आता पुसला कसा?"

वर्ग हसला. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, गणितवाल्या मुलांनीही नाही. उत्तर पहिल्या पेपरात होतं, आणि ते नीट सांगायला दोन तास लागले असते. मी म्हणाले, "आपल्या पेपरला ते लागत नाही. बस."

त्यानंतर काही दिवसांनी पहिल्या पेपरचा तास चालू असताना मला ती व्हरांड्यात दिसली. खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून फळ्यावरचं उतरवून घेत होती. मी तिला आत बोलावलं. पुढचे पंधरा दिवस ती शेवटच्या बाकावर बसायची, हजेरीत नाव नसताना. मग एकदा तास संपल्यावर माझ्याजवळ आली.

"पेपर बदलायचाय मॅडम. हाफिसात म्हणले, तुमचं पत्र लागंल."

पत्रात लिहावं लागणार होतं की प्रवेशाच्या वेळी माझ्याकडून चुकीचा सल्ला दिला गेला. मी तासिका तत्त्वावर होते, म्हणजे दर वर्षी नव्याने नेमणूक. त्याच महिन्यात माझी फाइल विभागप्रमुखांच्या टेबलावर होती. मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू. चाचणी परीक्षा होऊ दे."

पुढच्या आठवड्यात बदलाची मुदत संपली. तिला ते ऑफिसातच कळलं होतं. जिन्यात भेटली तेव्हा मी काही बोलणार तोच ती म्हणाली, "असू द्या मॅडम." आणि जिना उतरून गेली.

चाचणीचे मार्क भरायला मी सगळे फॉर्म काढले तेव्हा तिच्या पाठचाच फॉर्म हाती आला. बाजारपेठेतल्या एका कापड दुकानदाराच्या मुलीचा. तिला मी एका शब्दाने न विचारता पहिला पेपर दिला होता. बारावीच्या गणितात तिला आहुप्याच्या मुलीपेक्षा नऊ मार्क कमी होते. दोघींच्या गुणपत्रिका फॉर्मला टाचलेल्या होत्या. मी त्या उलटून पाहिल्याच नव्हत्या. मी गाव पाहिलं होतं. फॉर्म हातात धरून मी स्टाफरूममध्येच बसले. शिपाई दिवे बंद करायला आला तेव्हा उठले.

वार्षिक परीक्षेत माझ्या पेपरात तिला पैकीच्या पैकी मिळाले. सगळी सूत्रं जागच्या जागी. पण जिन्यातल्या त्या भेटीनंतर वर्गात तिने एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या वर्षी तिने केमिस्ट्री घेतलं आणि माझ्या वर्गात येण्याचं तिला कारण उरलं नाही. माझी नेमणूक झाली. अजूनही शिकवताना खिडकीतून एखादी ओढणी सरकली की माझा खडू थांबतो. तिथे कोणी नसतं. मुलं विचारतात, "काय झालं मॅडम?" मी पुढची ओळ लिहिते.

मागच्या उन्हाळ्यात मंचरच्या स्टँडवर तीच माझ्याकडे आली. चाकणकडच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला आहे. धाकट्या भावाला ती शिकवते. चेहरा भरला होता, बोलणं मोकळं झालं होतं. बरं चाललंय म्हणाली, आणि ते खरं वाटलं.

मी म्हणाले, "तुझ्या बाबतीत मी चुकले. फॉर्म भरतानाही, आणि पत्राच्या वेळीही."

तिने बॅग या हातातून त्या हातात घेतली. "म्हाईत हाये मला," ती म्हणाली. "मी तवा टेबलापाशीच व्हते मॅडम. मागच्या पोरीला तुमी काय दिलं ते बघितलं व्हतं."

म्हणजे खिडकीशी उभी होती तेव्हाही तिला माहीत होतं. पत्र मागितलं तेव्हाही.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी पिंपळवंडीच्या. मला वाटलं, तुमचं तुमालाच कळंल."

एसटी लागली. तिने वाकून नमस्कार केला, मला तो घेववला नाही. मी तिचा हात धरला तोवर कंडक्टरने घंटी दिली.

या जूनमध्ये मी विभागप्रमुखांकडे गेले आणि सगळं सांगितलं, नेमणुकीच्या फाइलीसकट. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आता काय करायचं म्हणता?" मी म्हणाले, पहिला आठवडा सगळ्यांना दोन्ही वर्गांत बसू द्या, फॉर्म नंतर भरा. त्यांनी हो म्हटलं.

निमगाव सावाची एक मुलगी आठवडाभर दोन्हीकडे बसली. डोकं चांगलं होतं. शेवटी तिने सोपा पेपर घेतला. "पहिला आवडला मॅडम, पण मला शेतीचं शिकायचंय," म्हणाली. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारताना ती हसली. मग मी पेन तिच्याकडे सरकवलं आणि खूण तिलाच करू दिली.