प्रभूच्या मेजावर वेगळा ग्लास

चांदीचा प्याला माझ्यापर्यंत आला आणि मीनलताई उठल्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातलं त्यांचं घर. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांची तिथे उपासना असायची, शेवटी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेणं. त्या दिवशी मी येणार नाही असं फोनवर कळवलं होतं. ऑफिसचं काम रद्द झालं म्हणून मुलीला घेऊन तशीच गेले आणि गोलात जागा करून बसले. प्याला फिरत होता. एकाने घोट घ्यायचा, कड पुसायची, शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. ही आमची रीत. सगळ्यांनी एकाच प्याल्यातून घ्यायचं.

आधीचे दोन महिने तो प्याला दिसलाच नव्हता. हायजीन पाहायला हवं म्हणून मीनलताईंनी सगळ्यांना प्लास्टिकचे छोटे ग्लास दिले होते. मला ते पटलंही होतं.

आज मी नसणार म्हणून प्याला बाहेर निघाला होता.

शेजारच्या काकांनी घोट घेतला, कड पुसली. तेवढ्यात मीनलताई स्वयंपाकघरात जाऊन आल्या. हातात प्लास्टिकचा ग्लास. एकच. त्यात बाटलीतला द्राक्षरस. "हा तुझ्यासाठी," म्हणाल्या. हसून. काकांनी प्याला माझ्यासमोरून पलीकडच्या बाईंना दिला.

या मीनलताई परक्या असत्या तर मी लिहायलाही बसले नसते. सिडनीत उतरले तेव्हा एअरपोर्टवर न्यायला त्याच आल्या होत्या. गाडी चालवायला त्यांनी शिकवलं. मुलगी झाली तेव्हा महिनाभर त्यांच्या घरून डबा आला. सख्ख्या बहिणीने केलं नसतं एवढं केलं. त्यांचे पणजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. हे त्या चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ऐकवायच्या, आणि चांदीचा प्याला त्याच पणजोबांचा. माझे आजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. हे मी कुणाला ऐकवत नव्हते.

तीन महिन्यांपूर्वी साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून आपली गोष्ट सांगायला, मीनलताईंनीच लावलं. माझ्या मनात काहीतरी सलतंय हे त्यांनी ओळखलं होतं. "किती वर्षं आत ठेवणार आहेस? प्रभूवर टाक आणि मोकळी हो. आपलीच माणसं आहेत सगळी."

मी विश्वास ठेवला. उपासनेत उभी राहिले. आजोबा गावची मेलेली गुरं ओढायचे, सांगितलं. बाप्तिस्मा झाल्यावरही चर्चमध्ये त्यांना मागे जमिनीवर बसवायचे, तेही सांगितलं. हे सगळं लपवत जगताना माझा जीव कसा दमलाय, हेसुद्धा. रडले. मीनलताईंनी सगळ्यांसमोर मिठी मारली. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

पुढच्याच महिन्यात ग्लास आले होते.

आता सगळं लख्ख कळलं. मी ग्लास खाली ठेवला आणि हात पुढे केला.

"मला प्याला द्या."

पलीकडच्या बाईंनी मीनलताईंकडे पाहिलं. खोली भरून माणसं. सगळी विश्वासू, सगळी शिकलेली. एकही हात हलला नाही. कुणीतरी गाणं सुरू केलं. घाईघाईने. माझी मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

उपासना संपल्यावर मीनलताईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"अगं, पर्सनली घेऊ नकोस. एकदोघींना जरा ऑड वाटतं. मला काही नाही गं."

"कुणाला वाटतं?"

"नावं कशाला? झालं गेलं सोडून दे. पास्टमध्ये किती दिवस राहणार? देवावर भरवसा ठेव, तो बघेल."

"ताई, मी सोडलं होतं. तुमच्या सांगण्यावरून, तुमच्याच हॉलमध्ये उभं राहून. तुम्ही ते उचलून ठेवलंत."

"तू फार कडू झालीयेस," त्या म्हणाल्या.

हो, झाले कडू. शिवी दिली असती तर सोसली असती. शिव्यांची आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. त्या मिठीचं काय करू? माझ्या तोंडून सगळं काढून घेतलं ते देवाच्या नावाने, आणि वापरलं माझ्याच विरुद्ध. विश्वासघात म्हणतात याला. दुसरा शब्द मी शोधणार नाही.

साक्षीच्या दिवशी मुलगीही तिथे होती. गाडीत तिने विचारलं, "ममा, वॉज इट बिकॉज ऑफ युअर आजोबा?"

मी गाडी कडेला घेतली आणि तिला सगळं सांगितलं. मराठीत, काही न गाळता. तिने फक्त एवढंच म्हटलं, "बट दे प्रे, ममा."

देवावर माझा भरवसा आहे. तो मला मीनलताईंच्या घरात मिळालेला नाही. जमिनीवर बसलेल्या आजोबांनी तो धरून ठेवला, म्हणून माझ्यापर्यंत आला. माझ्या वाटचं दुःख मी देवाच्या हाती दिलंय. पण यांनी जपलेला विटाळ मी कसा सोडू? तो माझा नाहीच. तो यांनी सोडायचा. आणि सोडेपर्यंत त्यांच्या डोळ्यांसमोरून हलायचं नाही, असं मी ठरवलं.

पुढच्या पहिल्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी गेले. वाटप जिथून सुरू होतं त्या पहिल्या खुर्चीत बसले. मुलगी शेजारी.

"ही यांची जागा आहे," मीनलताई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या.

"आज इथून सुरू करा," मी म्हटलं. "आधी मी घेईन. मग माझ्यानंतर तुम्ही सगळे."

त्यांनी सुरू करावं, नाहीतर प्रभुभोजन बंद ठेवावं आणि का बंद ठेवलं ते देवाला सांगावं. मी उठणार नव्हते.